एका फ्रेमचं भांडण

शंकेखोर : मला आधी हा ‘बॅलन्स’ शब्दच पटत नाही. बुद्धिबळ समतोल आहे, कारण दोघांकडे सोळा-सोळा सोंगट्या आणि त्याही सारख्याच. भांडण उरतं ते फक्त पांढऱ्याने आधी चाल करण्याचं. तुझ्या मारामारीच्या व्हिडिओ खेळांत काय असतं? 1991चा ‘स्ट्रीट फायटर टू’ घे. एका बाजूला झँगीफ, रशियाचा धिप्पाड पैलवान, समोरच्याला धरल्याशिवाय ज्याचं काही चालत नाही. दुसऱ्या बाजूला धालसिम, आपल्या देशाच्या नावावर खपवलेला योगी. गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून आग आणि हातपाय रबरासारखे लांबणारे. एक बिचारा धरायला धावतो, दुसरा लांबूनच त्याच्या नाकावर बुक्की घालतो. आखाड्यात कुणी अशी जोड लावली तर लोक वस्तादाला विचारतील, हे काय चाललंय? कुस्तीत निदान वजनगट असतात. इथे तेही नाहीत. मग हे दोघं सारखे करायचे म्हणजे एकाचे हात थोडे आखूड, दुसऱ्याचे थोडे लांब, असं करत करत शेवटी दोघांचा एकच माणूस झाला की म्हणायचं, झाला बॅलन्स!

हौशी : सारखे करतंय कोण? ज्यांना हे काम कळतं ते तसा विचारच करत नाहीत. त्यांचा प्रश्न आखाड्यातलाच आहे. डाव आहे, तर त्याला तोड आहे का? आणि तोड आहे, तर ती वेळेत सुचण्याजोगी आणि हाताला जमण्याजोगी आहे का? या खेळांचा पाया म्हणजे तीन गोष्टींचं एक चक्र असतं. मारलं तर अडवता येतं. अडवून बसलेल्याला पकडून आपटता येतं. आणि पकडायला हात पुढे करणाऱ्याला मारता येतं. ठोसा, ढाल, पकड. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, तिसऱ्याने पहिल्याला हरवायचं. झँगीफ आणि धालसिम यांच्या दहा लढतींचा निकाल पाच-पाच लागला पाहिजे असं कुणी म्हणत नाही. जपानी खेळाडू अशा जोड्यांचे तक्तेच करतात, अमुक विरुद्ध तमुक सात-तीन, सहा-चार. सात-तीनची जोडी चालते. दहा-शून्यची चालत नाही, कारण तिथे झँगीफ घेणाऱ्याला खेळायला काही उरतच नाही, नुसतं मार खात उभं राहायचं. समतोल बिघडणं आणि खेळ संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कारागिराचं लक्ष दुसऱ्या गोष्टीवर असतं.

शंकेखोर : चक्र म्हणजे तुझं दगड-कागद-कात्रीच की. तो काही खेळ नव्हे, नाणेफेक आहे. शिवाय तू ‘वेळेत सुचण्याजोगी’ म्हणालास, तिथे तर मी तुला धरणारच. यातली सर्वांत झटपट बुक्की किती वेळात लागते?

हौशी : नव्या ‘स्ट्रीट फायटर सिक्स’मध्ये साधारण चार फ्रेममध्ये. चित्र सेकंदाला साठ वेळा बदलतं. त्या एकेका चित्राला फ्रेम म्हणायचं. म्हणजे सेकंदाचा पंधरावा भाग.

शंकेखोर : आणि डोळ्यांनी बघून बोट हलायला माणसाला पाव सेकंद तरी लागतो. म्हणजे पंधरा फ्रेम. म्हणजे तुझी बुक्की दिसून अडवणं शक्यच नाही. वर घरचा टीव्ही दोन-तीन फ्रेम उशिराच दाखवतो, ते वेगळं. मग अडवणारा काय करतो? अंदाज. मारणाराही अंदाज करतो की हा अडवेल, म्हणून पकडायला जातो. दोघंही डोळे मिटून पत्ते टाकताहेत आणि तू त्याला युद्धकला म्हणतोस.

हौशी : डोळे मिटून नाही. कागदाने दगडाला हरवलं की एक गुण आणि कात्रीने कागदाला हरवलं की दहा गुण असं ठरवलं, तर तू कागद किती वेळा काढशील? फार कमी. आणि मला ते माहीत असेल, तर मी कात्री किती वेळा काढेन? आता नाणेफेक उरली का? पैजा असमान झाल्या की अंदाजाला आकार येतो. झँगीफची फिरवून डोकं आपटायची पकड घे. एकदा बसली की समोरच्याची बरीचशी ताकद संपते. म्हणून त्याच्याजवळ कुणाला ढाल धरून बसवत नाही. लोक उड्या मारतात, घाबरून बुक्क्या चालवतात, आणि जो झँगीफ मुरलेला असतो तो पकड न करताच नुसता उभा राहून त्या घाबरलेल्या बुक्क्यांना मारतो. पकडीचा उपयोग पकडीपेक्षा तिच्या धाकाला जास्त. हा धाक किती असावा हे ठरवणं म्हणजे बॅलन्स. धाक कमी पडला तर झँगीफ नुसता ठोंब्या, आणि जास्त झाला तर समोरचा जवळ यायलाच तयार होणार नाही.

आणि चार फ्रेमचं म्हणशील, तर सगळेच डाव चार फ्रेमचे नसतात. त्याच खेळात ‘ड्राइव्ह इम्पॅक्ट’ नावाचा एक दणका आहे. समोरच्याचे एक-दोन फटके अंगावर झेलत तो पुढे घुसतो. त्याला सव्वीस फ्रेम लागतात. तुझ्या पाव सेकंदापेक्षा बराच जास्त वेळ! सव्वीस हा आकडा कुणी चिठ्ठ्या टाकून काढलेला नाही. सावध असशील तर दिसून उलटवता येईल, मनात दुसरंच चाललं असेल तर दिसूनही उशीर होईल, अशा बेताने तो बसवला आहे. माणसाच्या डोळ्याचं माप घेऊन शिवलेला डाव आहे तो.

शंकेखोर : झँगीफच्या पकडीचं तू अर्धंच सांगितलंस. ती बसवायला जॉयस्टिकची काठी पूर्ण गोल फिरवावी लागते. वर, खाली, मागे, पुढे, सगळं. त्या गोलात ‘वर’ येतं आणि वर म्हटलं की गडी उडी मारतो. नवशिक्याचा झँगीफ म्हणूनच जन्मभर उड्या मारत असतो. ही तुमची किंमत. डाव भारी आहे ना, मग बोटांना त्रास द्या! पण ही किंमत भरतो कोण? ज्याने हजार वेळा काठी फिरवली त्याला ती फुकट पडते. पूर्ण भाव फक्त पहिल्या दिवशी आलेला पोरगा मोजतो. ही कसली किंमत? हा तर नवख्यावरचा जकातनाका झाला.

हौशी : हे मात्र खरं आहे, आणि या धंद्यातले लोकही ते मान्य करतात. म्हणून मी किमतीचे दोन प्रकार मानतो. झँगीफची किंमत बोटांची आहे, सरावाने ती विरते. त्याच खेळातल्या गाइलची बघ. तो हवेचं चक्र फेकतो, आणि ते फेकायला आधी काठी थोडा वेळ मागे दाबून धरावी लागते, मग पुढे. म्हणजे पुढे चालता चालता त्याला ते फेकताच येत नाही. आधी मागे बसायलाच हवं. जगातला सर्वांत तरबेज गाइलवालासुद्धा ती किंमत रोज नव्याने भरतो, कारण ती बोटांची नसून जागेची आणि वेळेची आहे. चांगला कारागीर दुसऱ्या प्रकारची किंमत शोधतो. पहिल्या प्रकारची सोडवायचे प्रयत्नही झाले. ‘स्ट्रीट फायटर’च्या 2008च्या ‘एचडी रीमिक्स’मध्ये डिझायनर डेव्हिड सर्लिनने झँगीफची ती गोल काठी सोपी केली. ‘सिक्स’मध्ये तर एका बटणावर विशेष डाव निघतील अशी ‘मॉडर्न’ पद्धत दिली, आणि त्या सोयीच्या बदल्यात त्या डावाचा मार वीस टक्क्यांनी कमी केला.

शंकेखोर : वीसच का? पंधरा का नाही? पंचवीस का नाही? आणि त्या एका बटणाने आणखी एक गोष्ट होते, ती तू गिळलीस. बोटांची कसरत गेली की डाव लवकर निघतो. हवेतून येणाऱ्याला खाली पाडायचं तर पूर्वी ओळखायचं आणि काठीही फिरवायची, आता नुसतं बटण. वीस टक्के मार कापून तू वेळ विकलास. त्या दोन वस्तूंचा विनिमय दर तुला कुणी सांगितला?

हौशी : कुणीच नाही. आकडा लावायचा, लोकांना खेळू द्यायचं, बघायचं. पण एक फ्रेम इकडेतिकडे झाल्याने काय होतं ते एकदा जवळून बघ, म्हणजे हे काम किती नाजूक आहे ते कळेल. समज, मी एक लाथ मारली आणि तू अडवलीस. अडवल्यावर तू थोडा अडकतोस, आणि मीही पाय मागे घेत असतो. तू माझ्या तीन फ्रेम आधी मोकळा झालास, तर त्या लाथेला ‘उणे तीन’ म्हणतात. तू लगेच तुझी चार फ्रेमची बुक्की चालवलीस. ती पोचते त्याच क्षणी मी मोकळा होतो आणि अडवतो. काही झालं नाही. आता कंपनीने एके सकाळी नवा पॅच, म्हणजे खेळाची दुरुस्ती, काढला आणि तीच लाथ ‘उणे चार’ केली. तुझी बुक्की पोचते तेव्हा माझा पाय अजून हवेत आहे. एक फ्रेम, सेकंदाचा साठावा भाग, आणि काल रात्रीपर्यंत जी लाथ मी बिनधास्त मारत होतो ती आज मारणं म्हणजे स्वतःहून गाल पुढे करणं.

पण थांब, गोष्ट इथे संपत नाही. ती लाथ लांबून लागली असेल तर अडवतानाच तू थोडा मागे ढकलला जातोस, आणि तुझी बुक्की पोचतच नाही. म्हणजे उणे चारची लाथ अगदी जवळून मूर्खपणाची आणि टोकावरून मारली तर सुरक्षित. आकडा तोच, अंतर वेगळं. कारागिराने एक आकडा बदलला आणि शंभर खेळाडूंना आपल्या पायाच्या टोकाचं भान आणावं लागलं. दुबळा केलेला डाव कधी कधी खेळणाऱ्याला शहाणा करतो तो असा.

शंकेखोर : कारागीर, कारागीर! ज्याच्यावर तुझे हे सगळे खेळ उभे आहेत तो कॉम्बो, एक फटका लागला की त्यातूनच दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, तो कुठल्या कारागिराने योजला होता? कुणीच नाही. ‘स्ट्रीट फायटर टू’चा निर्माता नोरिताका फुनामिझू गाडी फोडायची ती बोनस फेरी तपासत बसला होता, तेव्हा त्याला दिसलं की एका फटक्याला चिकटून दुसराही बसतोय. त्यांना वाटलं, हे एवढं अवघड आहे की कुणाला जमणार नाही, राहू दे. राहू दे! या दोन शब्दांवर तीस वर्षांचा धंदा उभा राहिला. आज तुझ्यासारखा कुणी तिथे असता तर दुसऱ्या दिवशी पॅच काढून ती ‘गफलत’ दुरुस्त झाली असती. माझं म्हणणं साधं आहे. या खेळांत जे जे भारी निघालं ते सगळं बनवणाऱ्याच्या हातून निसटलेलं आहे. तुम्ही लोक हात धुऊन मागे लागता आणि निसटायला जागाच ठेवत नाही.

जे खेळ लोक पंचवीस-तीस वर्षं खेळताहेत ते बघ. ‘स्ट्रीट फायटर’चाच ‘सुपर टर्बो’, 1994चा. ‘थर्ड स्ट्राइक’, 1999चा. दोन्ही गोठलेले. कुणी त्यांना हात लावत नाही. 2004 साली कॅलिफोर्नियात इव्हो स्पर्धेत काय झालं ते तुला मी सांगायला नको. दाइगो उमेहाराचा केन, अंगात ताकदीचा एक ठिपका उरलेला. समोर जस्टिन वाँगची चुन-ली. तिने पंधरा लाथांची माळ सोडली. नुसती ढाल धरली असती तरी मेला असता, कारण असा डाव ढालीतूनही थोडा खरवडतोच. तेव्हा त्याने काठी मागे न ओढता प्रत्येक लाथेला पुढे टेकवली. पंधराच्या पंधरा परतवल्या आणि उलट मारून जिंकला. पहिली लाथ दिसल्यावर तो हलला असता तर उशीर झाला असता. चुन-ली आता हेच सोडणार हे त्याने आधीच ओळखलं होतं. त्या चुन-लीला तुझ्या पॅचवाल्यांनी आधीच ‘नर्फ’ करून ठेवलं असतं, फोमच्या खेळण्यासारखं मऊ, तर हा क्षण आला असता का?

हौशी : नसता आला, कबूल. पण त्या दिवशीची गोष्ट तू पुढे कधी ऐकत नाहीस. ती अंतिम लढत नव्हती. हरलेल्यांच्या फेरीतली शेवटची होती. अंतिम लढतीत तोच दाइगो हरला. कोणाकडून? यून घेणाऱ्याकडून. आणि ‘थर्ड स्ट्राइक’चे वरचे तीन कोण, हे कुठल्याही खेळाडूला विचार. चुन-ली, यून, केन. तुझ्या त्या अमर क्षणात आणि त्याच्या पुढच्या लढतीत, सगळे तेच तिघे. वीसेक गडी बनवले, एकेकाच्या हालचालींची चित्रं हाताने काढली, आणि स्पर्धेच्या शेवटच्या टेबलावर मूठभर पोचतात. उरलेल्यांचं काय? ज्याला ट्वेल्व्ह आवडतो, त्या बिचाऱ्या पांढऱ्या लोळ्याला घेऊन जो चार वर्षं घासतोय, त्याला तू कुठला अमर क्षण दाखवणार?

आणि गोठलेल्या खेळांचंही तू म्हणतोस तसं नाही. ‘सुपर टर्बो’मध्ये अकुमा आहे. हवेतूनच ऊर्जेचे गोळे तिरपे खाली सोडतो, आणि बाकीच्यांकडे त्याला उत्तर नाही. कंपनीने पॅच काढला नाही, तेव्हा तसा काढायची सोयच नव्हती. मग खेळाडूंनीच स्पर्धांमधून त्याला बाहेर ठेवला. म्हणजे बॅलन्स झालाच. फक्त कारखान्यात न होता पंचायतीत झाला.

शंकेखोर : पंचायतीत झाला, हाच तर फरक! ज्यांना त्रास होतो ते एकत्र बसले, वर्षानुवर्षं खेळून बघितलं आणि म्हणाले, याला उत्तर नाही. आता तुझं आवडतं उदाहरण मीच काढतो. ‘टेकन सेव्हन’मधला लीरॉय स्मिथ. विंग चुन खेळणारा, डिसेंबर 2019मध्ये आलेला. जानेवारीत इव्हो जपान. शेवटच्या आठात सहा लीरॉय.

हौशी : आठात सहा! यापुढे आणखी काय पुरावा पाहिजे?

शंकेखोर : किती दिवस झाले होते त्याला येऊन? दीड महिना. दीड महिन्यात त्याच्या अडवणुकींची तोड कुणाला सापडणार? नवा मल्ल फडावर आला की पहिल्या हंगामात तो सगळ्यांना पाडतोच, कारण त्याचे डाव कुणी बघितलेले नसतात. आणि तो मल्ल विकतचा होता, हेही विसरू नकोस. आधी पैसे देऊन घ्यायचा, जोरात असताना सगळ्यांनी घ्यायचा, आणि मग त्याचे दात पाडायचे. हा समतोल आहे की दुकानदारी, ते मला माहीत नाही, पण दोन्हीचा हिशेब एकाच वहीत लिहिलेला आहे.

दुसरं असं की, तुझे आकडे कुठून येतात? ज्या स्पर्धा दिसतात तिथून. 2019च्या फेब्रुवारीपर्यंत जपान-कोरियाच्या लोकांना वाटत होतं की ‘टेकन’ आपल्याला कळलाय. मग लाहोरहून अर्सलान ॲश नावाचा मुलगा आला. इव्हो जपान जिंकला आणि त्याच वर्षी अमेरिकेतली इव्होही जिंकली. लाहोरच्या आर्केडमध्ये पोरं वर्षानुवर्षं एकमेकांना घासत होती आणि त्याची खबर कुणाच्याच तक्त्यात नव्हती. म्हणजे ‘या डावाला तोड नाही’ हे वाक्य नेहमी अर्धवट असतं. खरं वाक्य ‘मला माहीत असलेल्या लोकांना अजून सापडली नाही’ असं आहे.

हौशी : हे मला लागलं. पण तू कुस्तीचा माणूस, म्हणून विचारतो. खऱ्या अंगमेहनतीच्या खेळांत काय चालतं? तिथेही पॅच निघतातच की. ज्युडोत पायाला हात घालून पाडायचे डाव होते. 2010मध्ये त्यांच्यावर बंधन आलं, 2013मध्ये ते पूर्ण बंद झाले. कुस्तीच्या अंगाने ज्युडो खेळणाऱ्यांची आयुष्यभराची मेहनत एका नियमात गेली. कुस्तीचं तर आणखी गमतीचं. काही वर्षं असा नियम होता की फेरी शून्य-शून्य राहिली तर पिशवीतून चेंडू काढायचा, आणि ज्याचा रंग निघेल त्याने समोरच्याचा एक पाय आधीच हातात धरून सुरुवात करायची. एकेरी पट फुकटात! 2013च्या फेब्रुवारीत ऑलिंपिकमधून कुस्ती काढायची शिफारस झाली, आणि मे महिन्यात ते चेंडूबिंडू सगळं बंद करून तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि एकूण गुण अशी पद्धत आली. सप्टेंबरमध्ये कुस्ती परत आत. इथे कुणी तोड सापडायची वाट बघितली का? बघणाऱ्यांना कंटाळा येतोय, एवढं पुरलं.

शंकेखोर : आणि ते तुला भूषण वाटतं? मातीत चितपट होईपर्यंत कुस्ती, गुणबिण नाहीत. मॅटवर सहा मिनिटं आणि गुण. म्हणजे डाव तेच, पण मोल बदललं. जो दमवून दमवून शेवटी पाडायचा त्या पैलवानाचा मॅटवर वेळच संपतो. नियम करणाऱ्यांनी कुणालाही दुबळं केलं नाही, फक्त घड्याळ लावलं. तरी एका अख्ख्या जातीची कुस्ती मागे पडली. तू डावाचे फ्रेम मोजत बसतोस. कधी कधी सगळा खेळ घड्याळ कुठे टांगलंय त्यावर ठरतो.

हौशी : मग आपलं भांडण आता कुठे आलं बघ. सुरुवातीला तू म्हणत होतास की वेगळ्यांना सारखं करता येत नाही. ते आता तूही म्हणत नाहीस, मीही नाही. डावाला तोड हवी, हे दोघांना मान्य. तोड सापडायला वेळ लागतो, हेही. प्रश्न उरला तो किती वेळ थांबायचं याचा. मी म्हणतो, काही महिने. तू म्हणतोस, वर्षं.

शंकेखोर : आणि थांबणाऱ्याचं काय होतं ते मला माहीत आहे, कारण मी थांबलोय. आमच्या कोपऱ्यावरच्या गेम पार्लरमध्ये ‘टेकन थ्री’ होता. हरला त्याने कंट्रोलर सोडायचा, जिंकला तो बसून. आणि कुणीतरी एकजण एडी गोर्डो घ्यायचा. ब्राझीलचा तो कापोएरावाला, हातांवर उभा राहून लाथा फिरवणारा. त्याला काही यावं लागायचं नाही. लाथेची दोन बटणं दोन बोटांनी बडवत राहायची, आणि गडी वर-खाली, डावीकडे-उजवीकडे असा भिरभिरायचा की समोरच्याला उभ्याने अडवायचं की बसून तेच कळायचं नाही. आम्ही त्याला शिव्या घातल्या, ‘एडी घ्यायचा नाही’ असा नियम करून बघितला, मालक म्हणाला, पैसे देतोय तो, त्याला हवा तो घेईल. तेव्हा पॅच नव्हता. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की त्याच्या खालच्या लाथा बसून अडवल्या की तो क्षणभर उघडा पडतो. आणि बडवणाऱ्याला आपण उघडे पडलोय हेही माहीत नसतं. त्यानंतर एडीवाल्याची आम्ही वाट बघायचो. ती तोड कुणी दिली असती तर तिची आम्हाला किंमत राहिली नसती.

हौशी : किती दिवस लागले?

शंकेखोर : दोन मे महिने. अधे-मधे शाळा.

हौशी : आणि त्या दोन सुट्ट्यांत, एडीकडून मार खाऊन खाऊन, किती पोरं यायची बंद झाली?

शंकेखोर : मोजली नाहीत.

हौशी : कंपनीलाही मोजता येत नाहीत. तिच्याकडे खेळणाऱ्यांचे सगळे आकडे असतात. कोण कुणाला कितीदा हरवतो, कुठली लाथ कितीदा लागते. पण जो खेळ बंद करून उठला तो आकड्यातून पण उठतो. राहिलेले सगळे तुझ्यासारखे. ते म्हणणारच, थांबा, तोड निघेल, आम्ही काढली. तूही आज मला ती गोष्ट आनंदाने सांगितलीस, कारण तू शेवटपर्यंत तिथे होतास.

शंकेखोर : पण त्यांच्यासाठी एडीला मऊ केला असता, तर ते राहिले असते हे तुला कुणी सांगितलं? ते आणखी कुणाकडून तरी हरलेच असते. कुणीतरी नेहमी हरतंच. तू एडी काढलास की त्याच्या जागी दुसरा येतो.

हौशी : तेही मला माहीत नाही. ते आठवतात का तुला, ती पोरं?

शंकेखोर : एक आठवतो. मोठा चष्मा होता. नेहमी किंगच घ्यायचा, तो जॅग्वारच्या मुखवट्याचा पैलवान. साखळीने जोडलेल्या पकडी त्याला पाठ होत्या, वहीत लिहून आणायचा. पण एडीला पकडणार कसा, तो जागेवर उभा असेल तर ना! जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि तो परत आला नाही. आणि खरं सांगू? तेव्हा आम्हाला बरंच वाटलं. दारात गर्दी कमी झाली, नंबर लवकर यायला लागला.